शिट्टी ठेवली, नजर पायांवरच

८ जुलै, मुंबई

कोचिंग थांबलं की खेळही सुटतो, असं लोक धरून चालतात. सुटत नाही. उलट निकालाचं ओझं उतरतं आणि नुसता खेळ बघता येतो. दादरला खो-खो चाललेला असो, लालबाग-परळला कबड्डी असो की नागपाड्याला बास्केटबॉल, माझी नजर बॉलवर किंवा चढाईवर जायच्या आधी पायांवर जाते. मुलींच्या बास्केटबॉलमध्ये तर मी शूटिंगच्याही आधी पाय बघते, आणि ते का, हे आज सविस्तर लिहून ठेवते.

रिबाउंडला, म्हणजे रिंगवरून उसळलेला बॉल पकडायला, वर जायला सगळ्या शिकतात, खाली यायला फार थोड्या. गुडघ्यातला एसीएल हा अस्थिबंध मुलींमध्ये मुलांपेक्षा बऱ्याच जास्त प्रमाणात तुटतो, आणि बहुतेक वेळा कुणाचा धक्काही लागलेला नसतो. उडीवरून उतरताना किंवा पळता पळता दिशा बदलताना गुडघा आत वळतो आणि तिथेच घात होतो. वयात येताना उंची आणि वजन झपाट्याने वाढतं, ताकद मात्र त्या वेगाने वाढत नाही. मांडीचा पुढचा स्नायू जोरकस, मागचा कच्चा. त्यात ताठ गुडघ्याने सिमेंटवर उतरलं की सगळा भार सांध्यावर.

यावरचा व्यायाम साधा आहे. फूटभर उंचीची पायरी किंवा भक्कम बाक घ्यायचा. त्यावरून उडी न मारता नुसतं पुढे पाऊल टाकून दोन्ही पायांवर एकदम उतरायचं. आधी चवडा, मग टाच. कंबर मागे, छाती समोर, गुडघे पावलांच्या रेषेत. उतरल्यावर तीन सेकंद तसंच थांबायचं. पाच वेळा, असे तीन सेट, आठवड्यातून तीन दिवस, वॉर्म-अप झाल्यावर लगेच. दमलेल्या पायांनी चुकीची सवय लागते. कोचने समोर उभं राहायचं, बाजूला नाही, कारण गुडघे आत येतात ते समोरूनच दिसतं. मोबाइलवर स्लो मोशनमध्ये काढून त्या मुलीलाच दाखवलं तर दहा वेळा सांगावं लागत नाही. आणि कान उघडे ठेवायचे. धप्पकन आवाज आला की गुडघा वाकलेला नाही.

तीन सेकंद न डगमगता थांबता आलं की पुढची पायरी: उतरता उतरता पास झेलायचा, मग कुणीतरी खांद्याला हलका धक्का द्यायचा, मग एका पायावर. एका पायाची घाई करणारे कोच फार बघितले. दोन पायांवर गुडघा आत येतो तिला एका पायावर चढवणं म्हणजे दुखापतीला बोलावणं. सोबत मांडीच्या मागच्या बाजूचं काम हवंच: गुडघ्यांवर उभं राहायचं, जोडीदारणीने घोटे घट्ट धरायचे आणि अंग सरळ ठेवून सावकाश पुढे झुकायचं. सुरुवातीला चार-पाच वेळा पुरे. दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात, हे आधीच सांगावं, नाहीतर पोरी घाबरतात.

थांबण्याचंही तसंच. जंप स्टॉपमध्ये, म्हणजे छोटी उडी घेऊन थांबताना, दोन्ही पाय एकदम टेकले तर कुठलाही पाय पिव्होट करता येतो, म्हणजे तो जागेवर रोवून त्याभोवती वळता येतं. एकामागून एक टेकले तर पहिला टेकलेला. नियम सगळ्यांना पाठ असतो, तरी ट्रॅव्हल होतोच, म्हणजे बॉल हातात असताना रोवलेला पाय नियमाबाहेर हलतो. कारण शेवटचं पाऊल लांब पडतं, डोकं गुडघ्यांच्या पुढे जातं आणि तोल सावरायला मागचा पाय घसटतो. ‘पाय हलवू नकोस’ असं ओरडून काही होत नाही. शेवटची दोन पावलं आखूड करायची आणि कंबर थांबायच्या आधी खाली न्यायची, थांबल्यावर नाही. खो-खो खेळून आलेल्या मुलींना हे सांगावं लागत नाही. खांबाजवळ हुलकावणी देताना त्यांची कंबर आपोआप खाली जाते. शाळेत खो-खोचा संघ असेल तर बास्केटबॉलच्या मुली आधी तिथे शोधाव्यात, उंची नंतर बघावी.

या खेळाचा इतिहास आठवला की वाईट वाटतं. नेस्मिथने १८९१ मध्ये अमेरिकेत बास्केटबॉल सुरू केला आणि पुढच्याच वर्षी तिथल्याच स्मिथ कॉलेजात सेंडा बेरेन्सन या शिक्षिकेने तो मुलींना शिकवला. पण मुलींना झेपणार नाही म्हणून कोर्टाचे तीन भाग केले आणि आपला भाग ओलांडायला बंदी घातली. म्हणजे पळणंच काढून घेतलं. पुरुषांचा बास्केटबॉल ऑलिंपिकमध्ये १९३६ ला आला, महिलांचा १९७६ ला, माँट्रियलला. आपल्या मुलींनी २०१७ मध्ये बंगळुरूला आशिया कपच्या ‘ब’ गटाची फायनल कझाकस्तानविरुद्ध जिंकली, तेव्हा मला ही सगळी वर्षं आठवली.

बॉलची हेळसांड अजून चालू आहे. मुलींचा बॉल ६ नंबरचा, मुलांचा ७ चा. शाळेत मुलांसाठी घेतलेले ७ नंबरचेच मुलींच्या हातात देतात. तो मोठाही आणि जडही, मग रिंगपर्यंत पोचवायला मुली दोन्ही हातांनी छातीवरून ढकलतात, कोपर बाहेर जातं आणि ती सवय मोडायला पुढे वर्षं लागतात. बारा वर्षांखालच्यांना ५ नंबर द्यावा आणि जमलं तर रिंग ३.०५ मीटरऐवजी २.६० वर आणावी. हवा भरताना सुई ओली करूनच घालायची. कोरडी घातली की व्हॉल्व्ह फाटतो आणि बॉल रोज बसतो.

सध्या पावसाने उघडी कोर्टं बंद आहेत. ओल्या सिमेंटवर सगळ्यात घातक त्या ऑइल पेंटच्या पांढऱ्या रेषा, शेवाळापेक्षाही, कारण शेवाळ निदान दिसतं. वायपर मारून पाणी निघतं, रेषा मात्र निसरड्याच राहतात. त्या पोत्याने वेगळ्या पुसाव्या लागतात. तेवढा वेळ नसेल तर त्या दिवशी पळापळ नको. शाळेच्या पॅसेजमध्ये पिव्होट, जंप स्टॉप, डिफेन्सची सरकती पावलं आणि वर लिहिलेलं उतरण्याचं काम सगळं होतं. पॅसेजची फरशीही आधी कोरडी करायची आणि बूट घालूनच. सराव बुडाला असं पावसाळ्यात म्हणायचं कारणच नाही.

दहावीचं वर्ष आलं की मैदान सुटतं, हे मुंबईत घरोघरी. क्लास, ट्रेन, घरी यायला रात्र. आई-वडिलांशी वाद घालण्यापेक्षा मी त्यांच्याकडे आठवड्यातून दोनदा पंधरा मिनिटं मागायचे: जिन्याची शेवटची पायरी, उतरणं, मांडीचा व्यायाम, बस्स. बोर्डाची परीक्षा संपवून आलेल्या मुलीला थेट मॅचला उतरवू नये. पहिले दोन आठवडे रिबाउंडची चढाओढ नाही, फक्त दोन पायांवर उतरणं आणि आखूड पावलांचे स्टॉप. तिसऱ्या आठवड्यात गुडघे समोरून बघायचे आणि सरळ राहत असतील तरच तीन-तीनच्या खेळात घ्यायचं.