लायसन्स बदललं, मग?

मी सर्व्हर सांभाळतो. त्यामुळे नव्या एआय मॉडेलच्या बातम्या नुसत्या चाळतो, लायसन्स बदलल्याची बातमी मात्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो. मार्च २०२४मध्ये रेडिसने (डेटा मेमरीत ठेवून झटपट देणारा डेटाबेस) बीएसडी लायसन्स सोडलं, म्हणजे कोड कुणीही मुक्तपणे वापरावा ही मुभा नव्या आवृत्त्यांपुरती काढून घेतली. कारण नेहमीचंच: मोठ्या क्लाउड कंपन्या आमच्या कोडवर सेवा विकतात आणि आमच्या पदरात काही पडत नाही. तक्रार खोटी नाही. पण त्याच कोडमध्ये बाहेरच्या लोकांनी वर्षानुवर्षं फुकट घाम गाळलाय, त्याचं काय? आधी दार सताड उघडं ठेवून गर्दी जमवायची आणि मग उंबऱ्यावर तिकीट लावायचं, हे मला खटकतं.

काही दिवसांतच लिनक्स फाउंडेशन या ना-नफा संस्थेच्या छत्राखाली, रेडिसच्याच जुन्या मुक्त कोडवरून, व्हॅल्की उभं राहिलं. मे २०२५मध्ये रेडिस ८ला एजीपीएल या मुक्त लायसन्सचा पर्याय मिळाला. (इलास्टिकसर्च हे शोधाचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या इलास्टिकचंही तेच. २०२१मध्ये मुक्त लायसन्स सोडून गेले, २०२४मध्ये परतले.)

आम्ही तोवर व्हॅल्कीवर गेलो होतो. कमांड त्याच, क्लायंट लायब्ररीही तीच. आता साहेब विचारतात, परत जायचं का? मी नाही म्हणालो. व्हॅल्की कुणा एका कंपनीच्या मुठीत नाही, एवढं कारण मला पुरतं.