संथाळांचं बानाम नीट बघितलंय का कधी?

झारखंडच्या संथाळ परगण्यात आणि बंगालच्या बीरभूमकडे वाजवतात ते धोद्रो बानाम, म्हणजे गजाने वाजवायचं तंतुवाद्य, मला त्याच्या आवाजाइतकंच त्याच्या कोरीवकामाचं भयंकर वेड आहे. अख्खं वाद्य एकाच लाकडातून कोरतात, जोडकाम नाही, आणि त्याला चक्क डोकं, मान, छाती, पोट असतं माणसासारखं! पोटाची पोकळी कातड्याने मढवलेली, छाती मात्र उघडीच. वर डोक्यावर कारागीर मनसोक्त खेळतो, कुठे बाईचा चेहरा, कुठे हातात हात घालून नाचणाऱ्यांची रांग, तीही बोटाएवढी.

त्यामागची गोष्ट अंगावर काटा आणते. सात भाऊ बहिणीला मारून खातात, धाकट्याच्या घशाखाली घास उतरत नाही, तो आपला वाटा वारुळात पुरतो, तिथे झाड उगवतं नि त्यातून गोड आवाज येतो, मग एक जोगी त्याच झाडाच्या लाकडाचं पहिलं बानाम बनवतो. म्हणून ते माणसासारखं, असं मला तरी वाटतं.

आणि प्लीज, म्युझियममध्ये काचेआड दिसलं तर नुसता फोटो काढून पुढे जाऊ नका, मागची बाजूही बघा, तासणीच्या खुणा तिथेच दिसतात.