नोंद तिसरी : फुलोऱ्यामागोमाग, नारकंडा ते ताबो

हिमाचलमधली ही सफर. गाडी तीच, आत राहता-झोपता येईल अशी मी बांधून घेतलेली फोर्स ट्रॅव्हलर, ३३५० मिलिमीटर व्हीलबेसची. दुसऱ्या नोंदीनंतर तिच्यात तीन बदल केले. २०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी बाहेरच्या पेटीतून काढून पलंगाखाली आत घेतली, २ किलोवॅटचा डिझेल हीटर बसवला आणि पाण्याची ७० लिटरची टाकी फ्लोअरखाली नेली. तिसरा बदल चुकला. ते पुढे सांगते.

या वेळी बाबा बरोबर होते. वय ६८, एसटीत तीस वर्षं ड्रायव्हर, त्यातली बरीचशी वरंधा घाटात. निघण्याआधी डॉक्टरांकडून त्यांची तपासणी करून घेतली आणि एक गोष्ट दोघांनी ठरवली : सफरचंदाचा आणि जर्दाळूचा बहर जसा खालून वर सरकतो, तसं आपणही सरकायचं. खालच्या बागेत पाकळ्या गळायला लागतात तेव्हा वरच्या बागेत कळी असते. त्या चालीने गेलं की उंचीही अंगाला हळूहळू लागते आणि रात्री गाडीतलं पाणीही गोठत नाही, असा माझा अंदाज. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात निघालो.

नारकंडा (२,७०० मीटर) फक्त ओलांडलं आणि खाली ठाणेधार-कोटगडच्या बाजूला मुक्काम केला. हिमाचलच्या सफरचंदाची गोष्ट इथलीच. सॅम्युअल स्टोक्स नावाच्या अमेरिकन माणसाने १९१६ मध्ये अमेरिकन जातीची रोपं इथे लावली. पुढे तो सत्यानंद स्टोक्स झाला, स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगातही गेला. आज या उतारांवर दिसेल तिथवर सफरचंदच आहे. आम्ही पोचलो तेव्हा बहर ओसरत होता, गारांसाठी बांधलेल्या पांढऱ्या जाळ्यांवर पाकळ्या साचल्या होत्या. पहाटे पाचला एक पिकअप आमच्या शेजारी येऊन थांबली. मागे मधमाश्यांच्या पेट्या रचलेल्या. परागीभवनासाठी त्या भाड्याने आणतात, आणि माश्या घरात असतात म्हणून हलवायच्या त्या अंधारातच. आता खालचा बहर संपला म्हणून पेट्या वरच्या बागांकडे चालल्या होत्या. म्हणजे त्यांचा आणि आमचा रस्ता एकच होता! ड्रायव्हरला चहा दिला. पेट्यांना कान लावला तर आतून मंद, एकसुरी गुणगुण येत होती. बाबा बराच वेळ तिथेच उभे राहिले.

रामपूर, जेवरी भराभर मागे टाकलं. सतलजच्या तळाशी एप्रिलमध्येही उकडतं, तिथे थांबण्यात अर्थ नाही. तरांडा देवीच्या मंदिरापाशी मात्र सगळे थांबतात, आम्हीही थांबलो. त्याच्या आसपास रस्ता कड्यात कोरलेला आहे, खडक डोक्यावर येतो. रूफ रॅक आणि सोलर पॅनल धरून आमची उंची २.९ मीटर. उंच गाडीवाल्यांनी इथे कड्याला चिकटून जाऊ नये. समोरून कोणी येत नाही हे बघून मध्यावर यावं, आणि शेजारचा माणूस खाली उतरवून वर बघायला सांगावं. बाबांनी दोनदा उतरून हात दाखवला.

पोवारीला टाकी गळ्यापर्यंत भरली. पुढे स्पितीतल्या काझा गावापर्यंत डिझेलचा भरवसा धरू नये.

कल्प्यात (साधारण २,९०० मीटर) दोन रात्री काढल्या. इथे सफरचंद गुलाबी कळीवर होतं, एखाददुसरंच फूल उमललेलं. समोर किन्नर कैलास, पूर्ण बर्फात. सकाळी मागचं दार उघडलं की गॅसवरचा चहा आणि तो पर्वत एकाच चौकटीत. असं दार मिळावं म्हणूनच मी ही गाडी बांधायला घेतली होती.

गॅसबद्दल एक नोंद. आपल्या सिलिंडरमध्ये प्रोपेनबरोबर ब्युटेनही असतं आणि ब्युटेन शून्याच्या आसपास वायू व्हायचं थांबतं. कल्प्याला पहाटे आच निम्मी झाली होती. सिलिंडरची पेटी गाडीच्या आतून बंद, तळाला बाहेर उघडणारी जाळी अशी आहे. गॅस हवेपेक्षा जड असतो, म्हणून ती जाळी कधीही बुजवू नका. थंडीसाठी सिलिंडरभोवती जुनी गोधडी गुंडाळली, तळ मोकळा ठेवला. फरक पडला.

आता चूक. पूहच्या पुढे खाबला स्पिती नदी सतलजला मिळते. तिथून का गावाजवळच्या वळणांनी रस्ता सरळ वर चढतो. बेत असा होता की नाकोला (सुमारे ३,६६० मीटर) जेवायचं आणि झोपायला ताबोला (३,२८० मीटर) उतरायचं. पण वाटेत दरड साफ करायचं काम चालू होतं, साडेतीन तास गेले, नाकोला पोचेपर्यंत अंधारलं. अंधारात नाकोपुढचा, दरडींचा मलिंगचा टप्पा करायचा नाही यावर आमचं एकमत होतं. थांबलो. गावातली झाडं नुसत्या काड्या होत्या, फूल नाही, पान नाही. ते मी पाहिलं, आणि तरी पाण्याची टाकी रिकामी केली नाही.

रात्री दोनला हीटर धूर टाकून बंद पडला. हवा विरळ असली की तेवढंच डिझेल जास्त होतं, जळत नाही, काजळी धरते. डिझेल पंपाची गती दोन पायऱ्या खाली आणली, तिसऱ्या प्रयत्नात पेटला. ज्यांच्याकडे असा हीटर आहे त्यांनी हे सेटिंग वर चढण्याआधीच, दिवसाउजेडी शिकून घ्यावं. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म तर हवाच. बाबांचं डोकं दुखत होतं, धाप नव्हती. पाणी पाजलं, मी उशाशी बसून राहिले. बाहेर उणे चार, आत पाच. बॅटरी आत घेतली म्हणून बरं झालं. लिथियम शून्याखाली चार्ज करायची नसते, आणि सकाळी पॅनलने पहिल्या उन्हापासून चार्जिंग सुरू केलं.

सकाळी नळ कोरडा. खाली वाकून बघितलं तर टाकीतून वर येणाऱ्या पाइपचा एल्बो (काटकोनी जोड) उभा चिरलेला, आणि चिरेतून बर्फाची कांडी बाहेर आलेली, कुल्फीसारखी, वर एल्बोच्या आट्यांचे ठसे. टाकीला मी दोन इंच फोम लावला होता, या वीतभर पाइपला काहीच नाही. तो तुकडा कापून बूच मारलं, पुढचे दिवस कॅनमधून पाणी घेतलं. माझ्यापुरता नियम आता असा : जिथे झाडाला फूल नाही, तिथे रात्री पाइपात पाणी ठेवायचं नाही.

उतारावर घाईत मी तिसऱ्यात होते. बाबा म्हणाले, "अगं, चढताना जो गिअर, उतरताना तोच. दुसरा टाक." टाकला. ब्रेकचा वास लगेच थांबला. खालच्या चांगो गावापर्यंत त्यांची डोकेदुखीही उतरली.

ताबोचा मठ इसवी सन ९९६ चा, मातीच्या भिंतींचा. मठाजवळच्या बागेत मालकिणीने गाडी लावू दिली. जर्दाळूला आधी फूल येतं, मग पान. पहिल्या दिवशी झाडावर फुगलेल्या कळ्या होत्या. दुसऱ्या दिवशी दुपारी दक्षिणेकडच्या फांदीवर पाच-सहा फुलं उघडली, पांढरी, देठाशी लालसर. पुढे मनालीकडे नेणारी कुंझुमची खिंड या दिवसांत बर्फाखाली असते, त्यामुळे परतायचं त्याच रस्त्याने. काझाही या वेळी सोडलं. ताबोलाच तिसरी रात्र काढली. इथे पाणी ८९ अंशांना उकळतं, भाताला कुकरच्या दोन शिट्ट्या जास्त लागल्या. मेतकूट-भात, वर तूप, आणि बाबा झाडाखाली खुर्ची टाकून बसलेले.

पुढची कामं : टाकी फ्लोअरवर, पलंगाच्या पायथ्याशी परत आणणे. सर्वात खालच्या बिंदूला निचऱ्याचा कॉक बसवणे, तोही आतून फिरवता येईल असा. हीटरचा ग्लो प्लग (डिझेल पेटवणारा भाग) आणि त्याची जाळी काढून काजळी साफ करणे. एल्बोऐवजी अखंड वाकणारा पेक्स (लवचीक प्लास्टिकचा) पाइप टाकावा असं वाटतंय. कोणी ट्रॅव्हलरमध्ये तो वापरला असेल तर चाकाच्या कमानीपाशी कसा वळवला ते फोटोसकट सांगा. पावसाळ्यापूर्वी काम उरकायचं आहे.