मस्टर वाचता आलं पाहिजे

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजला कारखान्यात एचआरची (मनुष्यबळ खात्याची) ट्रेनी म्हणून लागले तेव्हा पहिले अकरा महिने मी फक्त खाडे मोजले. विद्यापीठातनं एमएसडब्ल्यू करून आलेली, डोक्यात कामगार कल्याण वगैरे मोठमोठ्या गोष्टी, आणि काम काय तर सकाळी सहाला फर्स्ट शिफ्टच्या गेटवर उभं राहायचं, पंचिंग मशीन बंद पडलं की रजिस्टरवर सह्या घ्यायच्या, महिनाअखेरीला मस्टर म्हणजे हजेरीपत्रक घेऊन बसायचं आणि हजेरी, खाडा, हाफ डे, ओटी (ओव्हरटाइम) असं एकेका खणात भरत राहायचं. माझ्याबरोबर लागलेले दोघं वर्षाच्या आत पुण्याला गेले, जाताना म्हणले इथं राहिलीस तर कारकूनच राहशील. मलाही तेव्हा तसंच वाटायचं. आज दोन प्लँटचं एचआर माझ्याकडं आहे आणि मला जे काही येतं त्यातलं निम्म्याच्या वर त्या अकरा महिन्यांतलं आहे, कुणाला बरं वाटावं म्हणून नाही सांगत, खरंच तसं आहे.

आपल्याकडची पोरं-पोरी फोन करतात, परभणी, नांदेड, बीड, कुठूनकुठून. ताई एचआरमध्ये वर कसं जायचं, कुठलं सर्टिफिकेट करू, एमबीए करू का लेबर लॉ. लेबर लॉ करा, मी नोकरी करता करता केलं आणि रोज कामाला येतं. पण वर जायचं म्हणजे काय ते मला एका जून महिन्यात कळलं, ते सांगते.

नोकरीचं चौथं वर्ष असेल. मृगाचा चांगला पाऊस झाला आणि तिसऱ्या दिवशी आमच्या एका लाइनवरचे ११० पैकी ३८ जण आलेच नाहीत. दरवर्षी असंच व्हायचं, कुणी गंगापूरचं, कुणी बदनापूरचं, कुणी पार सेलू-जिंतूरकडचं, पाऊस पडला की फोन बंद करून गावाकडं. राहिलेल्यांना ओटीवर थांबवायचं, ओटी म्हणजे कायद्यानं दुप्पट दर, तरीही माल पूर्ण व्हायचा नाही, मग उरलेला माल अर्जंट गाडी करून कस्टमरकडं पाठवायचा. त्या वर्षी प्लँट हेड साहेब फार चिडले. स्टँडिंग ऑर्डरमध्ये, म्हणजे कारखान्याच्या नोकरीच्या नियमांत, सलग दहा दिवसांच्या वर विनापरवानगी गैरहजर राहणं हे गैरवर्तन धरलेलं आहे, म्हणाले जे जे दहा दिवसांच्या पुढं जातील त्या सगळ्यांना चार्जशीट म्हणजे आरोपपत्र काढा, दोघा-तिघांना घरी बसवलं की बाकीचे सरळ येतील. माझे तेव्हाचे मॅनेजर हो म्हणून मोकळे झाले आणि टाइप करायचं काम माझ्याकडं आलं.

मी पहिलं चार्जशीट टाइप करत होते तो माणूस त्याच दिवशी हजर झाला. पायाच्या नखांत काळी माती तशीच होती, आंघोळ करून सुद्धा ती निघत नाही, आमच्या दादांच्या पायाला मी लहानपणापासून बघितलेली. मी विचारलं सांगून का नाही गेलात, तर म्हणला, मॅडम, पाऊस काय मला सांगून येतो का? वापसा गेला की वर्ष गेलं. तुमी पगार कापा, पर जाऊ नको म्हणू नका.

आता ज्यांच्या घरी शेती नाही त्यांच्यासाठी सांगते, पाऊस पडल्यावर रान लगेच पेरता येत नाही, चिखल असतो, आणि फार थांबलं तर ओल उडून जाते. मधले जे दोन-चार दिवस असतात तो वापसा. सोयाबीन, कापूस, तूर, सगळं त्या दिवसांवर. आणि तेव्हाच्या फॅक्टरी अ‍ॅक्टचं कलम ७९ म्हणायचं की रजेचा अर्ज १५ दिवस आधी द्या. पंधरा दिवस आधी पेरणीची तारीख आमच्या दादांना कधी सांगता आली नाही, तर या माणसानं कुठून सांगावी? कायदा चूक नाही आणि माणूसही चूक नाही, मधी कुणीतरी बसून जुळवायला पाहिजे होतं आणि ते काम एचआरचं होतं, ते आम्ही करतच नव्हतो.

त्या रात्री मी मागच्या तीन वर्षांचे मस्टर काढले. स्टोअरच्या मागं गठ्ठे बांधून पडलेले. जून-जुलैची पानं शेजारी शेजारी ठेवली आणि नावं मिळवत गेले तर जवळपास तीच माणसं, तेवढेच दिवस, आणि बाकी वर्षभर त्यांचे खाडे सगळ्यात कमी. म्हणजे ज्यांना आम्ही काढायला निघालो होतो ती लाइनवरची सगळ्यात भरवशाची माणसं होती. हे मला कुठल्या पुस्तकात सापडलं नसतं.

पण नुसतं हे घेऊन गेले असते तर साहेबांनी मला बसा म्हणून सुद्धा म्हणलं नसतं, हे मी खात्रीनं सांगते. आमच्या अकाउंट्सला एक काका होते, रिटायरमेंटला आलेले, त्यांच्याकडं गेले. त्यांनी मला दोन संध्याकाळी बसवून शिकवलं की ओटी खर्चाच्या कुठल्या हेडला पडते, अर्जंट गाडीचं भाडं कुठं दिसतं, रिजेक्शन म्हणजे बाद माल वाढला ते कसं काढायचं. तीन वर्षांची बेरीज केली तर फक्त पेरणीच्या पंधरवड्याचा जादा खर्च वर्षाला साडेसहा लाखांच्या आसपास जात होता. मग मी एक पान तयार केलं. मे महिन्यातच लाइनवर जाऊन विचारायचं कुणाची किती जमीन, पेरायला घरी दुसरं कोण आहे, रजेचा अर्ज तेव्हाच घेऊन ठेवायचा, तारीख पाऊस पडल्यावर फोनवर भरायची, दोन बॅच करायच्या म्हणजे निम्मे आधी निम्मे नंतर, आणि ज्या मशीनवर माणूस कमी पडणार तिथं ज्यांची शेती नाही त्यांना मे महिन्यातच शिकवून ठेवायचं. त्याचा खर्च दीड लाखाच्या आत.

रिव्ह्यू मीटिंगला मला बोलवायचं कारण नव्हतं. मी मॅनेजर साहेबांना म्हणलं, सर, पान तुम्ही दाखवा, पण मला मागं बसू द्या. त्यांनी मोठ्या मनानं मलाच उभं केलं. माझं इंग्रजी तेव्हा कच्चं होतं, मी मराठीतच बोलले, आकडे फळ्यावर लिहिले. साहेबांनी एकच विचारलं, आणि हे दोन बॅचमध्ये ऐकतील कशावरून? मी म्हणलं ३८ पैकी ३१ जणांशी बोलून आले आहे, नावं हातात आहेत. चार्जशीट थांबली. पुढच्या जूनमध्ये ओटी निम्म्यावर आली, पूर्ण बंद नाही झाली, कारण पाऊस सगळीकडं एकाच दिवशी पडला आणि दोन्ही बॅचेस एकदमच निघाल्या. पण त्या दिवसापासून मला रिव्ह्यूला बोलवायला लागले, आणि माझ्या मते माझं करिअर तिथनं चालू झालं, प्रमोशनचं लेटर तर दोन वर्षांनी आलं.

म्हणून जे फोन करतात त्यांना मी हेच म्हणते की कंपनीच्या पैशाचा हिशेब शिका आणि लाइनवरच्या माणसाचं गाव माहीत करून घ्या, दोन्हीतलं एकच आलं तर काम होत नाही. नुसतं गाव माहीत असणारे एचआरवाले लोकांत फार लाडके असतात पण मीटिंगमध्ये त्यांचं कुणी ऐकत नाही. आणि नुसता हिशेब येणारे वर जातात, पण करार करायची वेळ आली की युनियनची माणसं त्यांच्यासमोर तोंडच उघडत नाहीत.

दुसरी गोष्ट सांगायला मला अजून जड जातं. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये मी शेंद्र्याला दुसऱ्या कंपनीत होते, मॅनेजर झाले होते. ८ मे ला पहाटे करमाडजवळ रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले, मध्य प्रदेशातले, जालन्याला कामाला होते, गावाकडं चालत निघाले होते. करमाड म्हणजे शेंद्र्याच्या पुढं जालना रोडला काही किलोमीटर. ते आमचे नव्हते, पण बातमी कळल्या कळल्या मी आमच्या ठेकेदाराला फोन करून त्याच्या माणसांची यादी मागवली. ६४ नावं आली. त्यातली काही नावं अशी होती, राजू बिहारी, राजू यूपी, छोटू, मिस्त्री २. ना आडनाव, ना गाव, ना घरचा नंबर. आमच्याच गेटमधनं रोज आत जाणारी माणसं आणि मला, मस्टर वाचते म्हणून मिरवणाऱ्या बाईला, त्यातलं कोण कुठं आहे सांगता येईना. चार दिवस मी आणि दोन सिक्युरिटी गार्ड फोनच करत होतो. सगळी सापडली, सुखरूप होती, पण ती यादी मी जपून ठेवलेली आहे.

अनलॉक झाल्यावर मी डायरेक्टरसमोर अट ठेवली की बँक खातं, यूएएन म्हणजे पीएफचा नंबर, ईएसआयसीचा म्हणजे कामगार विम्याचा नंबर आणि घरच्या एका माणसाचा फोन असल्याशिवाय गेटपास निघणार नाही, आणि पीएफचं चलान लावल्याशिवाय ठेकेदाराचं बिल पास होणार नाही. प्रॉडक्शनवाले म्हणले माणसंच मिळणार नाहीत. मी १९७० चा कंत्राटी कामगार कायदा समोर ठेवला, ठेकेदारानं पगार बुडवला तर तो मूळ मालकाला भरावा लागतो हे त्यात स्पष्ट लिहिलेलं होतं, आणि तसं झालं तर किती रक्कम अंगावर येईल तो आकडाही ठेवला. दीड महिना लई त्रास झाला, एक ठेकेदार सोडून गेला, मग बसलं सगळं. आता तर २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही लेबर कोड, म्हणजे जुने कामगार कायदे एकत्र करून केलेले नवे कायदे, लागू झालेत, नेमणूक पत्र प्रत्येकाला द्यावं लागतं, भरपगारी रजेसाठी २४० दिवस भरायची अट १८० वर आली. कोड वाचताना मला ती यादीच आठवत होती.

नातेवाइकांचं एक लिहायचंच आहे कारण हे आपल्याकडं प्रत्येकाला होणार. तुम्ही एचआरला लागलात की गावात पहिला प्रश्न, आमच्या पोराला चिटकवून घे की. मी सख्ख्या मावशीला नाही म्हणलं, तिच्या पोराला फॉर्म कसा भरायचा, आयटीआयचा ट्रेड कुठला घ्यायचा हे बसून सांगितलं, पण चिटकवला नाही. दोन वर्षं ती माझ्याशी बोलली नाही. वाईट वाटायचं, अजून वाटतं. पण एकदा चिटकवलं की गेटवरचा माणूस तुमच्याकडं वेगळ्या नजरेनं बघतो, आणि ती नजर परत बदलत नाही.

यंदा मे मध्ये पेरणीच्या यादीचं काम मी नवीन ट्रेनीला दिलं, हिंगोलीकडची पोरगी आहे, दोनच महिने झालेत. माझा जुना फॉर्म दिला. दोन दिवसांनी ती परत आली आणि म्हणली, मॅडम, यात पहिला प्रश्न आहे जमीन तुमच्या नावावर आहे का, तो मी बदलला तर चालेल का? मी म्हणलं काय करतेस? तर म्हणली, पेरायला घरातनं कोण जातं, असं विचारते. इतकी वर्षं माझ्या यादीत असेंब्लीच्या बायकांची नावं जवळजवळ नसायचीच आणि मी धरून चालले होते की त्यांना गरज नाही. तिनं नवीन फॉर्म फिरवला, १४ बायकांची नावं आली. एकीनं शेऱ्याच्या खणात लिहिलं होतं, जमीन सासऱ्याच्या नावावर, पेरते मीच. दोन बॅचच्या तीन बॅच कराव्या लागल्या. परवाच्या रिव्ह्यूला फॉर्म घेऊन तीच उभी राहिली, मी मागच्या खुर्चीवर बसले.