ठेवायची आणि द्यायची

श्रावणात लागोपाठ दोन दिवस ऊन पडलं की सासूबाईंना पुस्तकांचं कपाट आठवतं. यंदा खालच्या फळीला ओल आली होती, कसरही लागली होती. पलंगावर जुनी चादर घातली, तिच्यावर पुस्तकं पसरली, वर पंखा पाचवर. "ठेवायची इकडे, द्यायची तिकडे," असं म्हणून त्या चष्मा पुसत बसल्या.

आमचं दोघींचं वाचन म्हणजे दोन टोकं. त्या पुस्तक हातात घेतलं की प्रस्तावनेपासून शुद्धिपत्रापर्यंत संपवतात. मी एसटीत, कुकरच्या शिट्ट्या मोजताना, जेवता जेवता वाचणारी. कंटाळा आला की सोडून देते, आणि त्याचं पाप लागेल असं मला वाटत नाही.

पहिलंच हाताला लागलं 'मृत्युंजय'. नववीच्या मे महिन्यात मी हे माजघरातल्या गार फरशीवर पालथं पडून वाचलं होतं आणि कर्णासाठी उशी भिजवली होती. मागच्या वर्षी पुन्हा उघडलं, तर सूर्य काही मावळेचना! एकेका नामामागे दोन-दोन विशेषणं हात जोडून उभी. साठ पानांवर दम लागला. खरं कारण मात्र त्याच्या शेजारीच पडलेलं होतं, इरावती कर्वे यांचं 'युगान्त'. कर्णाला इरावतीबाई भर उन्हात उभा करून बघतात. द्यूतसभेत तो काय बोलला होता, तेही सोडत नाहीत. ते वाचून माझा कर्ण जो गेला तो गेला. गंमत म्हणजे दोन्ही पुस्तकं १९६७ सालची. एकाच वर्षी एकाने त्याला डोक्यावर घेतलं, दुसरीने खाली उतरवलं. दोन्ही ठेवायच्या ढिगात गेली, 'मृत्युंजय' निव्वळ त्या फरशीच्या आठवणीपायी.

"ययाति?" सासूबाईंनी विचारलं. मी म्हटलं, द्या. मराठीतलं पहिलं ज्ञानपीठ खांडेकरांना मिळालं, मान्य. पण पोटच्या पोराकडे तारुण्य मागणाऱ्या माणसाची कैफियत इतकी पानं ऐकून घ्यायला माझ्याकडे शर्मिष्ठेची सहनशक्ती नाही. 'श्यामची आई'बद्दल तर मी बाहेर बोलतच नाही. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत लिहिलेलं ते पुस्तक वाचायला मला महिना लागला. आईबद्दल तक्रार नाही. श्याम इतका रडतो की आपल्याला रडायला जागाच उरत नाही.

'बनगरवाडी' मात्र मी कुणाला हात लावू दिलं नाही. एवढंसं पुस्तक. धनगरांच्या वाडीवर नवा आलेला पोरसवदा मास्तर, मेंढरं, कारभारी, आणि शेवटी दुष्काळ. त्यात एक शेकू आहे. त्याच्याकडे बैल एकच. पेरणी तर व्हायला हवी, मग दुसऱ्या बैलाच्या जागी त्याची बायको जू खांद्यावर घेते. माडगूळकर इथे गळा काढत नाहीत. सांगतात आणि पुढे जातात. मी ते पान वाचताना आजवर दोनदा भाजी करपवली आहे. माझ्याकडे याहून मोठी शिफारस नाही.

तिकडे 'कोसला'वरून आमची जुंपली. "हा मुलगा काही करतच नाही गं," सासूबाई म्हणाल्या.

"मग तुम्ही पूर्ण कशाला वाचलंत?"

"दोनदा वाचलं. खात्री करून घ्यायला."

त्यांचं चूक नाही. अठराव्या वर्षी मलाही पांडुरंग सांगवीकर तीस पानांपलीकडे झेपला नव्हता. कॉलेजातल्या मित्रांनी डोळे मिटून त्याचं नाव घ्यायचं, हे बघून तर मी हट्टाने वाचायची थांबले. चाळिशीत वाचलं आणि हॉस्टेलच्या भागात एकटीच मोठ्याने हसत सुटले. आणि मग त्याची धाकटी बहीण मनी गेल्यावरची पानं आली. त्यानंतर दोन दिवस दुसरं काही वाचवलं नाही. ठेवायच्या ढिगात.

'रुचिरा' कपाटात नव्हतंच, ते कायम ओट्यावर. कमलाबाई ओगले यांनी वाटी-चमच्याच्या मापाने लिहिलं, म्हणून माझ्यासारखीला ते कळलं. या घरात सर्वांत जास्त वाचलेलं पुस्तक हेच. हळदीचे अंगठे, तेलाने पारदर्शक झालेली पानं, चकलीच्या पानावर तर पीठच वाळलेलं. चकली माझी अजूनही तेलात विरघळते, पण तो दोष कमलाबाईंच्या माथी मारणार नाही.

दुपार कलली तेव्हा तळाशी 'रणांगण' सापडलं. विश्राम बेडेकरांचं, १९३९ सालचं. युरोपातून निघालेली बोट, तिच्यावर चक्रधर आणि ज्यू हॅर्टा. एका बैठकीत वाचलं होतं, आणि पुढचे कितीतरी दिवस मी बोटीवरच होते. शंभर पानांत एवढं मावतं, तर बाकीचे लोक सातशे पानं कशाला लिहितात, हा प्रश्न मला तेव्हापासून पडलाय.

उघडलं तर आत जांभळा शिक्का. माझ्या माहेरच्या गावातल्या वाचनालयाचा. परत करायची तारीख, १२ जून १९९४.

हे ना ठेवता येत, ना देता येत. सासूबाईंनी पुस्तक उलटंसुलटं करून पाहिलं.

"दंड किती होता गं तेव्हा?"

"दिवसाला दहा पैसे असेल."

त्यांनी कालनिर्णयचं मागचं पान फाडलं आणि पेन्सिल शोधली. थोडा वेळ ओठांतल्या ओठांत हिशेब चालला होता. मग मान वर करून म्हणाल्या, "लीप वर्षं धरायची ना?"