हळद एकाच दळणातली, पाकिटं तीन

"रंग उतरलाय, परत घ्या." सांगलीतले दुकानदार एका हळद पिकवणाऱ्या कुटुंबाला हेच सांगत होते. कुटुंब वाळवा तालुक्यातलं, हळद राजापुरी जातीची, घरच्या रानातली. शिजवणं, वाळवणं, पॉलिश, दळण सगळं घरच्यांच्या नजरेखाली. मालात खोट काढायला जागा नव्हती. मायलेक पाकिटं घेऊन आमच्याकडे आले ते लेबल "जरा भारी" करून घ्यायला. पॅकेजिंग डिझाइनच्या कामात ही मागणी रोजची. पण परत आलेलं पाकीट हातात घेतल्यावर मी लेबलाचा विषय बाजूला ठेवला आणि आधी दुकान बघायचं ठरवलं. गणपती पेठेतल्या एका ओळखीच्या किराणा दुकानात आमचा तो दिवस गेला.

पाकीट दोन्ही बाजूंनी पारदर्शक, मधोमध झगझगीत पिवळा स्टिकर. फळी दाराकडची, म्हणजे दिवसभर रस्त्यावरचा उजेड आणि दिवेलागणीनंतर डोक्यावर ट्यूब. फळीवरचं एक पाकीट न हलवता उचललं आणि स्टिकर हळूच सोलला. खाली स्टिकरच्याच मापाचा चौकोन उमटला होता. चौकोनातली हळद गडद, भरल्या दिवशी होती तशी. चौकोनाबाहेरची फिकट, मळकट. कडा इतकी स्वच्छ की पट्टी लावून रेघ मारल्यासारखी. मुलगा बघतच राहिला.

हळदीचा पिवळेपणा करक्युमिन या रंगद्रव्याचा, आणि करक्युमिन उजेडात टिकत नाही. पाकिटातला रंग उतरतो तो प्लास्टिकला चिकटून असलेल्या पातळ थराचा. तेच पाकीट कागदावर उलटं केलं तर आतली हळद ठणठणीत. पण गिऱ्हाइकाला दिसतो तो नेमका तेवढाच थर. "माल दिसला पाहिजे" म्हणून घेतलेलं पारदर्शक पाकीट मालाचा सगळ्यात वाईट भाग दाखवत होतं.

इथवर दोष उजेडाचा. पण नवीकोरी, उजेड न लागलेली पाकिटंसुद्धा दुकानात फिकी दिसतात अशीही तक्रार होती. त्यासाठी आदल्या संध्याकाळी एकाच दळणातून तीन पाकिटं भरून घेतली होती, तिन्ही 200 ग्रॅमची, किंमत एकच. पहिल्यावर त्यांचाच पिवळा स्टिकर. दुसरंही पारदर्शक, पण स्टिकर गडद निळा. तिसरं पूर्ण अपारदर्शक, मॅट म्हणजे चकाकी नसलेल्या फिनिशचं. त्यावर गडद हिरवं लेबल, मोठ्या अक्षरांत "राजापुरी हळद" आणि त्याखाली दळल्याचा महिना. शेठनी काउंटरवर जागा दिली. हळद घ्यायला येणाऱ्याला विचारायचं, यातली कुठली घ्याल आणि का. सांगून झालं की तिन्हींत एकच हळद आहे हे उघड करायचं.

पिवळ्या स्टिकरच्या पाकिटाला बहुतेकांनी नाकारलं. "ही फिकी दिसतीय." "पीठ घातलं असंल हिच्यात." निळ्या स्टिकरचं पाकीट बऱ्याच जणींनी उचललं, "रंगाला हीच चांगली" म्हणून. पण एक काकू ते हातात धरून म्हणाल्या, "एवढी पिवळीधमक? रंग तर घातला नाही ना?" हळदीत मेटॅनिल यलो किंवा लेड क्रोमेटसारखे रंग मिसळतात हे आता लोकांना ऐकून माहीत आहे, त्यामुळे फार उठून दिसणारी हळदही संशयात सापडते. तिसरं पाकीट बघून लोक थबकायचे, उलटंपालटं करून वाचायचे. "आतलं कायच दिसत नाही," ही तक्रार होतीच. पण दळल्याचा महिना वाचून "ही ताजी हाय" म्हणत तेच पिशवीत टाकणाऱ्याही होत्या. तिन्हींत एकच हळद आहे म्हटल्यावर एका मावशींनी पहिली दोन्ही पाकिटं पुन्हा शेजारी-शेजारी धरली आणि तरीही म्हणाल्या, "छे, एक कशी असंल!"

मावशींचे डोळे बरोबरच बघत होते. डोळा कुठलाही रंग सुटा मोजत नाही, शेजारच्या रंगाच्या तुलनेत मोजतो. छपाईतला असा पिवळा म्हणजे शंभर टक्के पिवळी शाई आणि वर वीस-तीस टक्के मॅजेंटा, म्हणजे गुलाबी-लाल शाई. त्यात करड्याचा लवलेश नसतो. खऱ्या हळदीत मात्र तपकिरी झाक असतेच. असल्या शुद्ध पिवळ्याशेजारी जगातली कुठलीही खरी हळद मळकटच दिसणार. निळा हा पिवळ्याच्या विरुद्ध टोकाचा रंग, म्हणून त्याच्याशेजारी तीच हळद पेटल्यासारखी दिसते.

मुलाचा प्रश्न सरळ होता: "मग निळंच लावू या की." मी नको म्हटलं, आणि या कामात माझं सगळ्यात ठाम मत हेच आहे. पाकीट घरी जातं, हळद डब्यात ओतली जाते, निळा रंग बाजूला जातो. दुकानात दिसलेली हळद आणि डब्यातली हळद वेगळी दिसली की बाई पुढच्या वेळी ते पाकीट घेत नाही, आणि का घेत नाही हे दुकानदारालाही सांगत नाही. हीच गत पाकिटावरच्या फोटोची. वाटीतल्या हळदीचा फोटो कॉम्प्युटरवर भडक केला की तो छान दिसतो, आणि पाकीट फोडल्यावर आतली हळद त्या फोटोपुढे हरते. दुकानातला रंग आणि स्वयंपाकघरातला रंग जितके जवळ, तितकं पाकीट चांगलं. म्हणून मालाशेजारी शांत रंग ठेवायचे: मळकट पांढरा, राखाडी, गडद हिरवा. पिवळा फक्त मालाचा.

पारदर्शक पाकिटाची आणखी एक खोड. भरताना पाकीट गच्च दिसतं. टेम्पोत हादरे बसले की भुकटी खाली बसते आणि वर बोटभर जागा रिकामी होते. वजन पुरेपूर 200 ग्रॅम, पण गिऱ्हाइकाला वाटतं कमी भरलंय. त्यात बारीक भुकटी प्लास्टिकवरच्या स्थिर विजेनं वरच्या भागाला चिकटते, मग ती रिकामी जागा घाणेरडीही दिसते. हीच भुकटी सीलच्या पट्ट्यात अडकली तर सील कच्चं राहतं, आणि एक पाकीट गळलं की खोक्यातली बाकीची पिवळी होतात. भरताना नरसाळ्याची नळी सीलच्या रेषेच्या चांगली खाली जाईल एवढी लांब हवी, आणि सील करण्याआधी पाकीट दोनदा आपटून तोंडाची आतली बाजू कोरड्या फडक्यानं पुसायला हवी. 200 ग्रॅमसाठी साधारण 13 बाय 20 सेंटीमीटरचं, तळाला घडी असलेलं उभं राहणारं पाकीट पुरतं. त्यांनी तयार मिळालं म्हणून एक माप मोठं घेतलं होतं. पाकीट रिकामं दिसण्याला तेही कारण.

जुन्या लेबलवर मात्र नजर ठरेना. वर गणपती, खाली बैलजोडी, बाजूला आजोबांचा फोटो, आणि "शुद्ध", "सेंद्रिय", "घरगुती", "जीआय मानांकित" असे चार शिक्के. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजेच जीआय, मिळालं हे खरं, पण ते पाकिटावर वापरायला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते; ती त्यांनी केलेली नव्हती. "सेंद्रिय" लिहायलाही प्रमाणपत्र लागतं. दोन्ही शब्द काढले. आईंना वाईट वाटलं, कारण शेणखतावर पिकवलेलं त्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं. त्यांच्या कष्टांबद्दल शंका नव्हती. पण पुरावा नसलेला मोठा शब्द शेजारच्या खऱ्या शब्दांनाही ओढून खाली नेतो. त्याऐवजी जात, तालुका आणि दळल्याचा महिना लिहा म्हटलं. काउंटरवर लोक थांबले होते ते याच ओळीपाशी.

अक्षरांचं दुखणं भिंगाखाली दिसलं. चार रंगांत छापलेल्या गडद पट्टीवर पांढरी बारीक अक्षरं सोडली होती. छपाईत एक रंग केसभर सरकला की अशी अक्षरं भरून जातात, आणि देवनागरीत सगळ्यात आधी मरतात ती गाठींची अक्षरं. "हळद"मधल्या ळ च्या दोन्ही पोकळ्या बुजून तिथे नुसता ठिपका झाला होता, "शुद्ध"मधलं जोडाक्षर ओळखू येत नव्हतं. इंग्रजीच्या सवयीनं अक्षरांत अंतर वाढवल्यामुळे शिरोरेषाही तुटली होती. आता बारीक मजकूर सगळा काळ्या एका रंगात, हलक्या पार्श्वभूमीवर, सात पॉइंटच्या खाली नाही. पांढरी सोडलेली अक्षरं फक्त मोठ्या नावात. निव्वळ वजन, सर्व करांसहित कमाल किंमत, बॅच क्रमांक, तारखा, 14 अंकी एफएसएसएआय (अन्नसुरक्षा) परवाना क्रमांक हे सगळं वाचता आलंच पाहिजे. शाकाहाराचा हिरवा ठिपका या मापाच्या पाकिटावर किमान 4 मिलिमीटर व्यासाचा लागतो. जुन्या स्टिकरवर तो कोपऱ्यात चिरडला होता.

तारखेबद्दल वेगळं सांगायला हवं. चकचकीत प्लास्टिकवर रबरी शिक्का मारला की शाई बोटानं पुसली जाते. पुसट तारीख दिसली की लोकांना वाटतं जुना माल नव्या तारखेनं खपवतायत. म्हणून मागच्या लेबलवर मॅट पांढरी चौकट मोकळी सोडली आणि तारीख रिबनवर चालणाऱ्या लेबल प्रिंटरनं छापायची ठरवली.

पाकिटासाठी आतून चंदेरी, म्हणजे मेटलाइज्ड थर असलेला लॅमिनेट (थरावर थर चिकटवलेली फिल्म) निवडला. उजेड अडतो आणि वासही टिकतो. आख्खं पाकीट छापून घ्यायचं तर ग्रॅव्ह्युअरला, म्हणजे सिलिंडरनं होणाऱ्या छपाईला, प्रत्येक रंगाचा स्वतंत्र सिलिंडर करावा लागतो, आणि छापखाना कमीत कमी फिल्म किलोच्या हिशेबात घ्यायला लावतो. या कुटुंबाच्या खपाला ते परवडणारं नव्हतं. तयार कोरं मॅट पाकीट आणि त्यावर पुढे-मागे लेबल हेच शहाणपणाचं. लेबल कागदी नको. भरणाऱ्यांच्या बोटांची हळद कागदात मुरते आणि दुकानात पोचायच्या आधीच पाकीट वापरलेलं दिसतं. प्लास्टिकच्या लेबलवर मॅट लॅमिनेशन केलं की ओल्या फडक्यानं पुसता येतं.

त्यांचा प्रदर्शनातला फ्लेक्सही बघितला. उन्हात आधी पिवळा आणि मॅजेंटा उडतात, निळा आणि काळा मागे राहतात. हळदीचा ढीग हिरवट-करडा झाला होता. तो फ्लेक्स त्याच दिवशी उतरवायला सांगितला.

राहिला प्रश्न खिडकीचा, म्हणजे माल दिसावा म्हणून पाकिटात सोडायच्या पारदर्शक जागेचा. मेटलाइज्ड थरात खिडकी ठेवायची तर तेवढ्या जागेचा थर काढावा लागतो, आणि काढला की उजेड आत येतोच. आईंना हे पटेना. "मार्केट यार्डात सौद्याला व्यापारी हळकुंड मोडून आतला रंग बघतोय, वास घेतोय. दुकानात बाईनं काय मोडायचं?" दिवसभरात ऐकलेला हा सगळ्यात नेमका प्रश्न होता. बंद पाकिटात रंगही नाही आणि वासही नाही. पारदर्शक पाकिटानं रंग खोटा दाखवला होता आणि वास तर कधीच दिला नव्हता.

त्यावर उपाय पाकिटात नाही, काउंटरवर आहे. प्रत्येक दुकानाला त्याच बॅचच्या हळदीची एक लहान बरणी द्यायची. काचेची नको, घट्ट झाकणाची स्टीलची. झाकणावर पाकिटावरचंच लेबल आणि तोच बॅच क्रमांक. आत पन्नास ग्रॅमपेक्षा जास्त नको, म्हणजे शिळी होण्याआधी संपवता येते. सोबत पांढऱ्या कागदाच्या चिठ्ठ्या; चिमूट कागदावर घासली की रंग दिसतो, झाकण उघडलं की वास येतो. शेठनी एकच अट घातली: माल टाकायला येईल त्याने जुनी हळद काढून न्यायची आणि बरणी पुसून नवी भरायची, कारण दुकानातल्या पोराला ते जमणार नाही. मुलानं ते मान्य केलं आणि बॅच क्रमांकाच्या वहीत दुकानाच्या नावापुढे बरणीसाठी एक रकाना आखला.