भिंतीत नाणी सापडली तर: पहिला तास

भिंत उतरवताना मातीतून नाणं निघालं की घण तिथेच थांबवा. एक निघालं म्हणजे आसपास आणखी असण्याची शक्यता मोठी, आणि पुढचा घाव नेमका मडक्यावर बसू शकतो. आधी फोटो काढा: एक लांबून, ज्यात भिंत आणि कोनाडा ओळखू येईल, आणि एक जवळून, शेजारी मोजपट्टी ठेवून. जमिनीपासूनची उंची, दारापासूनचं अंतर आणि तारीख वहीत लिहा. हे सगळं पुढे कलेक्टर कचेरीतल्या अर्जाला लागतं, आणि एकदा डबर हलवलं की ते परत मिळवता येत नाही.

जुन्या वाड्यांत पैसा ठेवायच्या जागा साधारण ठरलेल्या असत: देवघराची भिंत, चुलीमागची जागा, उंबऱ्याखाली, तुळई भिंतीत शिरते तिथला खळगा, फडताळाची तळफळी आणि बळद, म्हणजे जाड भिंतीच्या पोटात ठेवलेली पोकळी. खोलीची आतली आणि बाहेरची मापं घेऊन वजाबाकी करा. एकाच ठिकाणी भिंत दीड-दोन फूट जास्त जाड येत असेल तर आत बळद असण्याचा संभव आहे. हातोडीच्या दांड्याने हलकं ठोकलं तर भरीव भिंत बद्द वाजते आणि पोकळ भिंत घुमते. चुन्याच्या गिलाव्यात मध्येच वेगळ्या रंगाचं ठिगळ असेल तर तेही बघून ठेवा.

बंद बळद किंवा पेव, म्हणजे जमिनीखालचं धान्याचं कोठार, उघडल्यावर लगेच आत डोकं घालू नका. कुजलेल्या धान्यामुळे आतला प्राणवायू संपतो आणि कार्बन डायऑक्साइड तळाशी साचून राहतो. पेवात उतरून माणसं गुदमरतात ती यामुळेच. तोंड पूर्ण मोकळं करा, पंख्याने बराच वेळ हवा खेळवा, आणि तरीही खोल पेवात कोणाला उतरवू नका. विंचू-सापाचा धोका असतोच, म्हणून हात घालण्याआधी बॅटरी मारून बघा.

भिंत उकलायला छिन्नी आणि लहान हातोडी घ्या, काम वरून खाली करा. वर तुळई असेल तर आधी टेकू लावा. खाली ताडपत्री अंथरा आणि सगळं डबर ५ मिलिमीटरच्या जाळीतून चाळा, कारण छोटी नाणी मातीच्या ढेकळांत अडकून थेट ट्रॅक्टरमध्ये जातात. पायाच्या कोपऱ्यात, बहुधा आग्नेयेला, छोट्या खड्ड्यात धान्य, तांब्याची प्रतिमा आणि एखादं नाणं असं मिळालं तर तो वास्तुशांतीचा निक्षेप असतो. ते लपवलेलं धन नव्हे. घरातल्या मोठ्यांना विचारून त्याचं काय ते ठरवा.

आता सर्वांत जास्त नुकसान करणारी गोष्ट: चिंच. नाणं हातात आलं की कोणीतरी चिंच-मीठ किंवा लिंबू घेऊन बसतंच. आम्लाने हिरवा थर जातो, पण त्याच्याबरोबर अक्षरांच्या कडाही झिजतात, आणि घासलेलं नाणं संग्राहक कमी भावाने घेतो. हिरवा थर नीट बघा. नाणी फडक्यात बांधून ठेवलेली असतील तर त्या थरात कापडाचे धागे उभे-आडवे उमटलेले दिसतात. कापड कधीच गेलेलं असतं, पण वीण तांब्याच्या क्षारांनी धरून ठेवलेली असते. हा पुरावा चिंचेने काही मिनिटांत नाहीसा होतो. माती सुटी करायची तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये नाणं बुडवून ठेवा, मऊ कापडाने टिपा, घासू नका. चिकटलेला गोळा सुटा करू नका. फिकट हिरवी भुकटी सुटत असेल तर ते नाणं वेगळं, कोरड्या डब्यात सिलिका जेलच्या पुडीबरोबर ठेवा. प्लास्टिकचे पीव्हीसी अल्बम टाळा, कागदी पाकिटं बरी.

ओळख पटवायला ०.०१ ग्रॅम दाखवणारा सोनाराचा काटा पुरतो. एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’ असलेलं जाडजूड तांब्याचं नाणं म्हणजे शिवराई. इंग्रजी अमलातल्या रुपयाचं वजन ११.६६ ग्रॅम. १९३९ पर्यंतच्या रुपयात ९१.७ टक्के, म्हणजे जवळजवळ १०.६९ ग्रॅम शुद्ध चांदी आहे. १९४० ते १९४५ च्या रुपयात चांदी निम्मीच, आणि १९४७ चा रुपया निकेलचा, त्यामुळे तो चुंबकाला चिकटतो. भोकाचा पैसा १९४३ ते १९४७ चा.

नोटा सापडल्या तर गड्डी उलगडू नका. ओली असेल तर सावलीत टिपकागदात सुकवा. ठिसूळ झालेल्या, जळालेल्या किंवा एकमेकींना चिकटलेल्या नोटा बँकेची शाखा घेत नाही, त्या रिझर्व्ह बँकेच्या इश्यू ऑफिसात न्याव्या लागतात. महाराष्ट्रात अशी ऑफिसं मुंबई, बेलापूर आणि नागपूरला आहेत. पन्नास रुपये आणि त्यावरच्या नोटेचा सर्वांत मोठा अखंड तुकडा ८० टक्क्यांहून जास्त असेल तर पूर्ण किंमत मिळते, ४० ते ८० टक्के असेल तर निम्मी. २००० ची नोट याच ऑफिसांत बदलता येते, पोस्टानेही पाठवता येते. ८ नोव्हेंबर २०१६ ला बाद झालेल्या ५०० आणि १००० च्या नोटा मात्र बदलत नाहीत. त्या दहापेक्षा जास्त, संग्रहासाठी पंचवीसपेक्षा जास्त, बाळगणं गुन्हा आहे.

सापडलेल्या गुप्तधनाचा कायदा १८७८ चा आहे, पण लागू आहे. जमिनीत किंवा जमिनीला जोडलेल्या वस्तूत, म्हणजे भिंतीतही, लपवलेली दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली तर सापडणाऱ्याने कलेक्टरला लेखी कळवायचं: काय सापडलं, अंदाजे किंमत, जागा आणि तारीख. धन सरकारी कोषागारात जमा करावं लागतं किंवा तारण द्यावं लागतं. लपवून ठेवलं तर हिस्सा सरकारजमा होतो आणि एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. मार्च २०२१ मध्ये पिंपरी-चिंचवडच्या चिखलीत बांधकामाच्या खोदाईतून निघालेली २१६ सोन्याची नाणी, वजन २,३५७ ग्रॅम, पोलिसांनी एका घरातून जप्त केली होती. सरासरी १०.९ ग्रॅम, म्हणजे मोहरेचंच वजन.

जाहिरातींना भुलू नका. जुन्या नाण्यांना लाखो रुपये देतो म्हणून आधी फी मागणाऱ्यांबद्दल रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्येच सावध केलं आहे. गुप्तधनासाठी मांत्रिक बोलावणाऱ्यांना २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याचीही आठवण असू द्या.

धन बेवारस ठरलं आणि जागामालकाने हक्क सांगितला, तर आधी करार नसल्यास तीन-चतुर्थांश सापडणाऱ्याला आणि उरलेलं मालकाला मिळतं. घण मारणारा मजूरच सापडणारा ठरू शकतो. म्हणून ठेकेदाराच्या कागदावर काम सुरू होण्याआधी दोन ओळी घाला: ‘कामात जुनी नाणी, दागिने किंवा रोख रक्कम आढळल्यास काम त्वरित थांबवून मालकास कळवावे. कायद्याने मिळणाऱ्या हिश्श्याची वाटणी खालीलप्रमाणे राहील.’ खाली मालक आणि ठेकेदार दोघांच्या आणि प्रत्यक्ष काम करणाऱ्या गवंड्या-मजुरांच्याही सह्या घ्या.